अर्ध्या सामन्याचे अंतर

सोमवार, १ जून. सकाळचे दहा. भोंगा वाजला, क्रेनचा लांब हात समुद्राकडे वळून थांबला आणि शिड्यांवरून माणसे खाली उतरू लागली. आजपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोज दहा ते साडेतीन उघड्यावरचे काम बंद. कतारमध्ये उन्हाळा पंचांगाने येत नाही, या भोंग्याने येतो.

मी तिपाईवरचे यंत्र वाचले. त्यात एक काळा पोकळ गोळा असतो, एक ओली वात असते आणि एक साधा तापमापक. ऊन, दमट हवा आणि वारा यांचा मिळून शरीरावर किती भार पडतो, ते हे यंत्र एका आकड्यात सांगते. उन्हात राबणाऱ्या माणसाचे शरीर किती तापते आणि किती वेळात निवते, हे मोजणे माझे काम. मी शरीरक्रियाशास्त्र शिकले. ही नोकरी घेतली तेव्हा माझे गणित सरळ होते: दोन वर्षांचा करार, एका पूर्ण मोसमाची मोजमापे, त्यावर एक शोधनिबंध आणि त्या निबंधाच्या बळावर एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत पीएच.डी. गणित चुकले नाही. निबंध झाला, प्रवेश मिळाला, ऑगस्टअखेर मी अल सद्दमधली खोली सोडून निघेन. तरीही आज भोंगा वाजल्यावर जे वाटले, ते कोणत्या एककात मोजतात हे मला कोणी शिकवलेले नाही.

विश्रांतीच्या केबिनमध्ये डोकावले. तोच ओल्या टॉवेलांचा वास, तेच लिंबू-मिठाचे पाणी, दाराबाहेर बुटांची तीच रांग. भिंतीवरच्या पडद्यावर कुठलासा जुना क्रिकेट सामना चालू होता आणि अर्धी माणसे झोपली होती. बारा वाजले तेव्हा कोणीही मान वर करून घड्याळाकडे पाहिले नाही. गेल्या वर्षी याच वेळी, याच साइटवर, तीसएक माणसे श्वास रोखून बसत असत. कारण दोह्यात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा जपानमध्ये संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. आणि संध्याकाळी सहाला तिथे व्यावसायिक बेसबॉलचे सामने सुरू होतात.

हा खेळ आमच्यात मोरिता-सान यांनी आणला. लुसैलच्या या भागातल्या इमारतींना थंड पाणी पुरवणारे शीतकरण केंद्र आम्ही उभारत होतो. त्यातली अवाढव्य यंत्रे जपानहून आली होती आणि ती नीट बसतात की नाही हे पाहायला मोरिता-सानही त्यांच्यामागून आले होते. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांच्यासाठी ऑफिसात वेगळी खोली होती. पण पहिल्याच आठवड्यात तिथला एसी बिघडला, तेव्हा ते आपला डबा आणि टॅब्लेट घेऊन कामगारांच्या केबिनमध्ये आले. एसी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. मोरिता-सान मात्र परत गेले नाहीत.

त्यांच्या गावची टीम. निळ्या टोप्यांची. तिचे नाव उच्चारायला आमच्या जिभांना अवघड, म्हणून दोन दिवसांत ती नुसती ‘निळी’ झाली आणि आठवड्याभरात ‘आपली’.

‘आपली’ होण्यापूर्वी तिची यथेच्छ टिंगल झाली. कंपनीची बस चालवणारा बाबी हा मालवणकडचा. सकाळी इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारवस्तीतून माणसे आणून सोडली की संध्याकाळपर्यंत त्याला काम नसे, त्यामुळे टीकेला त्याच्याजवळ वेळ भरपूर होता.

“हे खेळतत की पूजा करतत?” पडद्याकडे पाहून तो विचारी. “कवासून बघतंय, तो नुसती टोपीच ठीक करता. चेंडू टाकूक मुहूर्त लागता काय?”

“बाबी, गप बस की. विचार करूलालाय त्यो.”

“विचार? आमच्या गावात लगोरी खेळताना ह्याच्यापेक्षा जास्त धावतत, अण्णा.”

गप्प बसवणारे अण्णा म्हणजे ज्ञानोबा अण्णा. औशाकडचे. रिगरांचे मुकादम. क्रेनने जे ओझे उचलायचे, त्याला दोर आणि साखळ्या बांधायच्या आणि खालून हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला दिशा द्यायची, हे रिगरचे काम. अण्णा खूण करत तेव्हा बोटे किंचितच हलत. कित्येक टनांचे यंत्र त्या बोटांच्या मागे हवेतून सरकत येई. वय अठ्ठावन्न. मोरिता-सान त्यांना ‘आन्ना-सान’ म्हणत. अण्णा त्यांना ‘मोरताप्पा’ म्हणत आणि दोघांनाही ते पुरेसे वाटे.

यंदा अण्णा केबिनमध्ये नाहीत. ते का नाहीत हे सांगायचे तर आधी एक नियम सांगायला हवा. त्या प्रकल्पावर प्रत्येक माणसाची दर आठवड्याला नाडीची चाचणी होत असे. काम थांबवून खुर्चीत बसायचे. एक मिनिट झाले की मी बोटाला ऑक्सिमीटर लावून ठोके वाचायचे. निरोगी हृदय काम थांबताच शांत होऊ लागते. थकलेले हृदय थांबायचे विसरते. आमची मर्यादा एकशे दहा होती. मधल्या आठवड्यांत कोणी ती ओलांडली तर त्याला काही दिवस सावलीतले काम मिळे. पण मोसमाच्या शेवटच्या चाचणीत ती ओलांडली तर उन्हातल्या कामाचा करार पुढे चालू राहत नसे. तरुण माणसाला दुसरे काही काम देता येई. अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘दुसरे काही काम’ म्हणजे परतीचे तिकीट.

आणि अण्णांना जायचे नव्हते. अजून एक वर्ष हवे होते.

“लोकं म्हणतेत, अण्णा, पुरं झालं की आता, घरी जावा,” ते मला एकदा म्हणाले होते. “घरी जाऊन काय करू, ताई? मी हिकडं असताना घराला तीनदा रंग दिला. एकबी रंग माझ्यासमोर लागला नाही. सुट्टीला जातो तर माझी खाट कुठं घालायची ह्यावर दोन्ही सुनांचं कुजबुजणं चालतंय. वाईट नाहीत पोरी. पर मी पाव्हणा झालो. हितं निदान माझ्या बोटावर क्रेन तरी हलतीय.”

“मग अजून एका वर्षाने काय होईल, अण्णा?” मी विचारले. शास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारावा तसा प्रश्न.

“काय व्हायचंय? एक वर्ष होईल.”

या उत्तरातले शहाणपण मला तेव्हा कळले नाही. माणसाला प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी हवी असते, असे मी धरून चालत होते.

जूनमध्ये निळी टीम वर होती. सहा संघांत दुसरी. पहिल्या तिघांना पुढच्या फेरीत जागा मिळते, एवढे गणित केबिनला एका दिवसात पाठ झाले. नियमही हळूहळू उलगडले. षटके नाहीत, नऊ डाव आहेत. तीन गडी बाद झाले की डाव बदलतो. आणि सगळे अवलंबून असते ते मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या, चेंडू टाकणाऱ्या एका माणसावर. त्याला पिचर म्हणतात. आमच्या संघाचा सगळ्यात जुना पिचर चाळिशी ओलांडलेला होता. कानाजवळ पांढरे केस, चेंडू टाकल्यावर खांद्याला होणारी एक लहानशी झटकी. केबिनने त्याचे नाव विचारलेही नाही. तो ‘म्हातारा’ झाला. आणि म्हातारा खेळायला आला की अण्णा पुढच्या बाकावर येऊन बसत.

“ह्याच्या हातात जोर नाई राहिला,” ते मला खालच्या आवाजात समजावत. “पर डोकं बघा. जोरात टाकतो असं दाखवूलालाय आन् हळू सोडूलालाय. समोरचा आधीच बॅट फिरवून मोकळा.”

जपानमधल्या पावसाळ्याचे दिवस होते ते. कधी कधी सामना सुरू व्हायच्या आधीच मैदानावर ताडपत्री पसरलेली दिसे आणि तिच्यावर पाऊस पडत असे. समालोचक काहीतरी बोलत राहत. मोरिता-सान दिलगिरीने टॅब्लेट बंद करायला जात, पण कोणी करू देत नसे. बाहेर लोखंडाला हात लावता येत नाही असे ऊन, आणि आत बीड, लातूर, सांगलीची माणसे एका रिकाम्या मैदानावर पडणारा पाऊस तासभर पाहत बसलेली. एकदा बाबीने तोंड उघडले, “काय पडता रे!” एवढेच म्हणाला. माझ्या निबंधात त्या दिवसांची विश्रांतीच्या वेळची नाडी इतर दिवसांपेक्षा कमी आली आहे. कारण मी तळटीपेत दिलेले नाही. ‘पावसाचे दर्शन’ हा घटक कोणत्याही मासिकाच्या परीक्षकाने मान्य केला नसता.

जुलैत घसरण सुरू झाली. ओळीने सामने हरत टीम चौथ्या, मग पाचव्या जागी गेली. हरले की मोरिता-सान टॅब्लेट मिटत आणि इथे शिकलेला एकच अरबी शब्द म्हणत, “खलास.” मग बुटांची नाडी बांधत बाहेर जात. म्हाताऱ्याला दुसऱ्या फळीच्या संघात पाठवले गेले. त्याचे कारण समजून घ्यायला केबिनला बराच वेळ लागला. मोरिता-साननी आपल्या खांद्यावर हात ठेवून दाखवला, मग जमिनीजवळ तळहात नेला. खाली. लहान मैदानावर. जिथे पोरे खेळतात तिथे.

“आन् ह्यो गेला?” अण्णांनी विचारले. “नाई म्हणाला नाई?”

मोरिता-साननी मान हलवली. गेला.

त्याच महिन्यातला एक सामना मला फार नीट आठवतो. नऊ डावांनंतर बरोबरी. दहावा डाव, अकरावा डाव, तरी बरोबरी. साडेतीनचा भोंगा झाला आणि माणसे उठली. अण्णा दारात एक पाय बुटात घालून तसेच उभे राहिले. “यल्ला, अण्णा, यल्ला!” फोरमन अरबीत ‘चला, चला’ ओरडत होता. दुसऱ्या दिवशी कळले की बाराव्या डावानंतर सामना बरोबरीत सोडून देण्यात आला. केबिन खूश झाली. हरलो नाही, एवढेच त्या दिवसांत पुष्कळ होते. बरोबरी किती महाग पडू शकते हे कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्या तर यायलाच हवे होते. आकडेमोड हा माझा धंदा.

ऑगस्ट हा दोह्यातला सगळ्यात वाईट महिना. समुद्रावरची दमट हवा उघड्या तोंडावर ओल्या घोंगड्यासारखी बसते, घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. बाबी तिपाईवरच्या काळ्या गोळ्याकडे बोट दाखवून रोज विचारी, “मॅडम, तुमचो नारळ काय सांगता?” मी आकडा सांगे. “मगे फोडून टाका तेका,” असा त्याचा कायमचा सल्ला असे.

त्या महिन्यात अण्णांचा आकडा चढू लागला. शहाण्णव, मग एकशे एक, एकशे चार. मी त्यांना सावलीत बसवले, पाणी वाढवले, सकाळच्या कामाचे तास विभागून दिले. आकडा आठवडाभर थांबे आणि पुन्हा एक पायरी चढे. इतरांच्या आलेखात खूप चढउतार होते, कोणाची झोप कमी, कोणाला ताप, कोणी घरच्या फोननंतर बिथरलेला. अण्णांची रेषा मात्र स्वच्छ होती. संपूर्ण निबंधातला सगळ्यात देखणा आलेख तो आहे. परीक्षकांनीही त्याचा खास उल्लेख केला. ती रेषा देखणी होती याचे मला आज वाईट वाटते. आणि वाईट वाटण्याने तिचा उतार बदलत नाही, हेही मला ठाऊक आहे.

टीम मात्र त्याच महिन्यात सावरली. तरुण फलंदाज चालू लागले, आठवड्यात चार-चार विजय येऊ लागले. महिन्याच्या शेवटी म्हाताऱ्याला परत बोलावले. तो उंचवट्याकडे चालत निघाला तेव्हा केबिनमध्ये शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. शेजारच्या केबिनमधले नेपाळी सुतार काय झाले म्हणून बघायला आले. त्या दिवशी मी एक नवी रीत पाहिली. सहाव्या डावात म्हातारा थकला. संघाचा प्रशिक्षक सावकाश चालत उंचवट्यापर्यंत आला आणि हात पुढे केला. म्हाताऱ्याने चेंडू त्या हातात ठेवला आणि खाली मान घालून निघाला. साऱ्या मैदानाने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

“हातातला चेंडू काढून घेतेत?” अण्णांना ते विचित्र वाटले. “आन् वर टाळ्या?”

“आदर,” मोरिता-सान इंग्रजीत म्हणाले. मी अर्थ सांगितला.

अण्णा म्हणाले, “आदर चांगलाय. पर चेंडू बी चांगला होता की.”

सप्टेंबरच्या मध्याला भोंग्याची वेळ बदलली. ऊन कलले, पहाटे किंचित गारवा आला, कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, संध्याकाळी कुटुंबे चटया टाकून बसू लागली. या ऋतूची इथे सगळे वर्षभर वाट पाहतात. आम्हाला त्याने बेघर केले. आता दुपारी फक्त जेवणाची एक तासाची सुट्टी. सामन्याचे जेमतेम तीन डाव दिसत. उरलेला सामना माणसे काम करता करता एकमेकांना विचारून खेळत. मोरिता-सान यंत्रघराच्या दारात येऊन बोटे दाखवत. चार-दोन. चार-तीन. क्रेनवरचा माणूस वरून ओरडून विचारी आणि अण्णा, ज्यांची बोटे फक्त ओझ्यासाठी हलत, तेही एकदा डाव्या हाताने धावसंख्या दाखवताना मला दिसले. साडेतीन महिने ज्या उन्हाला शिव्या घातल्या, त्यानेच आम्हाला एकत्र बसवले होते. सुखाचे दिवस आले आणि बाक रिकामे झाले.

मोसमाच्या शेवटी तिसऱ्या आणि चौथ्या जागेत अर्ध्या सामन्याचे अंतर पडणार, हे दिसू लागले होते. हे माप मला आवडले होते. बेसबॉलमध्ये दोन संघांतले अंतर गुणांत सांगत नाहीत, सामन्यांत सांगतात, आणि ते कधी कधी अर्धे येते. अर्धा सामना म्हणजे काय, असे बाबीने विचारले तेव्हा मी कागदावर मांडून दाखवले. जुलैतल्या त्या बरोबरीने हे अर्धे पाऊल निर्माण झाले होते. तो सामना जिंकला असता, तर शेवटचा सामना हरूनही आपण निदान बरोबरीत राहिलो असतो. दुसऱ्या संघाचे सामने संपलेले; आता आपण शेवटचा सामना जिंकला तर अर्ध्या सामन्याने पुढे, हरला तर अर्ध्या सामन्याने मागे.

“म्हणजे त्या दिवशी आपण टाळ्यो पिटलंव, तो खरो घोटाळो?” बाबी म्हणाला.

“होय.”

“मॅडम, ह्या तेव्हाच सांगूक होया होतां.”

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा सामना आणि आमची शेवटची चाचणी एकाच दिवशी आली. हा योगायोग, त्यात काही अर्थ शोधू नये. आदल्या आठवड्यात अण्णांचा आकडा एकशे नऊ होता, एकशे दहाच्या मर्यादेला जेमतेम एक कमी. केबिनमधल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. आदल्या रात्री त्यांना चहा पिऊ दिला नाही, सकाळी बसमध्ये पुढची जागा दिली, आणि कोणीतरी, मला नक्की कोण ते माहीत नाही, असा शोध लावला की मन रमले की नाडी उतरते. जूनमधल्या पावसाच्या दिवसांचे मीच एकदा बोलले होते, त्यातून हे निघाले असावे.

बाराला सुट्टी झाली. एकेक जण खुर्चीत बसून गेला. अण्णा आले नाहीत. हवेत लटकते ओझे सोडून रिगरला जेवायला जाता येत नाही, आणि त्या दिवशी एका मोठ्या पाइपचा तुकडा बसता बसत नव्हता. ते आले तेव्हा बारा वाजून गेल्याला अर्धा तास झाला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. खुर्चीत बसले आणि मी घड्याळ सुरू केले.

तेवढ्यात चौघांनी टॅब्लेट उचलून त्यांच्या समोर धरला. मन रमावे म्हणून.

मैदानावर म्हातारा होता. तिसरा डाव, दोन गडी बाद आणि तिन्ही बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, समोरच्या संघाची माणसे उभी. एक चुकीचा चेंडू पडला असता तर सामना तिथेच हातचा जाणार होता. म्हाताऱ्याने टोपी ठीक केली. बाबीने त्याला या वेळी काही म्हटले नाही. मिनिट भरले, मी अण्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. त्याच क्षणी म्हाताऱ्याने तो फसवा, मंद चेंडू सोडला, फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेली, तिसरा गडी बाद झाला, आणि केबिनचे छत उडाले. मोरिता-सान, ज्यांना मी सहा महिन्यांत हसताना मोजून दोनदा पाहिले होते, अण्णांचे दोन्ही खांदे धरून हलवत होते.

आकडा होता एकशे चोवीस.

मी तो सांगितला आणि गोंगाट थांबला. मग बाबीच पहिल्यांदा हसला. “मेल्या म्हाताऱ्यान घात केल्यान!” आणि सगळे एकदम बोलू लागले. ताई, हा धरू नका. मॅडम, हा आकडा अण्णांचा नाही, सामन्याचा आहे. मला ते पटले. नुसते पटले नाही, ते शास्त्रशुद्धच होते: मोजमापाच्या वेळी उत्तेजन होते, चाचणीच्या अटी मोडल्या होत्या, आणि अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घ्यायची सोय नियमात होती. मी तसा शेरा लिहिला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात एखादे मोजमाप रद्द केले नसेल. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटते, त्या संपूर्ण मोसमातला सगळ्यात सुखाचा तास तोच. म्हातारा टिकला होता, अण्णांचा आकडा रद्द झाला होता, आणि चार पैशाचाही पुरावा हाती नसताना आम्ही सगळे दोन्ही बाजूंनी जिंकलो होतो.

तीनच्या सुमाराला मोरिता-सान यंत्रघराच्या दारात आले. त्यांनी बोटे दाखवली नाहीत. नुसते उभे राहिले आणि वाकून नमस्कार केला, जणू हरण्याची जबाबदारी त्यांचीच होती. आठव्या डावात, म्हातारा निघून गेल्यावर, एका धावेने. चौथी जागा.

यंदा मोरिता-सान जपानमध्ये आहेत. त्यांनी बसवलेली यंत्रे चालू झाली आहेत, आम्ही केंद्राच्या पुढच्या टप्प्यावर आहोत; लुसैलच्या रस्त्यांखालून आता थंड पाणी धावते आणि उंच इमारतींतल्या माणसांना ऑगस्टमध्येही अंगावर पांघरूण लागते. अण्णा बाबीच्या फोनवर कधी कधी आवाजी निरोप पाठवतात. “म्हातारा खेळूलालाय का रं?” असे एकात विचारले होते. पाठीमागे पोरांचा दंगा आणि कुणीतरी “आजोबा, सरका ना,” म्हणत होते. म्हातारा खेळत नाही. बाबीने अजून उत्तर दिलेले नाही. परवा मला म्हणाला, “तुमी सांगा काय सांगूचा ता.” खाट शेवटी कुठे घातली, हे विचारावे असे फार वाटते, पण अण्णांना घरी पाठवण्याचा निर्णय ज्यांच्या हाती नव्हता त्यांनाही ते विचारण्याचा अधिकार कसा असेल, आणि माझ्या हाती तर तो एका अर्थाने होता. नियम मी केला नव्हता, आणि नियम चुकीचा नव्हता. तशा हृदयाने अजून एक उन्हाळा त्या ओझ्यांखाली काढला असता तर काय झाले असते, ते मी कोणालाही आलेख काढून दाखवू शकते. बरोबर असण्याने सुटका होते, असे मला विज्ञानाने कधी सांगितले नव्हते. मीच तसे समजून चालले होते.

त्या शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये कोणी जेवायला बसले नाही. मोसम संपला होता, पाहायला सामना नव्हता. बाबी बस लावून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मोरिता-सान बाकाच्या टोकाला गुडघ्यांवर हात ठेवून बसले. अण्णा वेळेवर आले, हात धुतले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसले. मी घड्याळ सुरू केले.

“काल म्हाताऱ्यामुळं वाढलं म्हणलाव,” ते डोळे मिटूनच म्हणाले. “आज त्यो घरी बसलाय. आता मी बी बघतो, कुणामुळं वाढतंय.”

कोणीतरी हसण्याचा प्रयत्न केला.

“बोलू नका, अण्णा,” मी म्हणाले.

ते बोलले नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला. उन्हाने रापलेला, दोरांनी घट्टे पडलेला, आणि पूर्णपणे स्थिर. मिनिट भरले. ऑक्सिमीटरवरचा आकडा थोडा वेळ हलत राहिला; मी तो थांबण्याची वाट पाहिली, नेहमीपेक्षा थोडी जास्तच. मग यंत्र बाजूला ठेवून, दोन बोटे मनगटावर टेकवून, स्वतः पुन्हा मोजले. दोन्ही आकडे एकच आले.

एकशे तेरा.